अंतोनचं लेकरू

बेंबळेच्या पुलावर ट्रॉली उसळली
आणि संत अंतोनच्या हातातलं लेकरू गेलं.
यवतमाळहून रंग देऊन आणत होतो त्याला,
गोधडीत गुंडाळून, सरकीच्या पोत्यांमध्ये.
गावात गोधडी सोडली तर
बाबा उभा, हात कोपरातून वाकवलेला,
आणि त्या वाकात काहीच नाही.

दोन दिवस नदीचं पात्र चाळलं.
पोरांना चपला सापडल्या, एक पितळी कडी,
कुणाचं तरी मतदार ओळखपत्र.
लेकरू नाही.
अगाथा मावशी काठावर बसून म्हणाली,
"लोकायच्या बकऱ्या धुंडता धुंडता
याचंच लेकरू हरपलं व माय.
आता यानं कोनाले मागावं?"

आमची बारा घरं. मिस्सा महिन्यातून एकदा.
पण मंगळवारी मेणबत्ती लावायला अख्खं गाव.
चिंधाबाईची नथ, पोस्टमनचा शिक्का,
मेहबूबभाईची गाभण शेळी.
सापडलं तर गूळ,
नाही सापडलं तर बाबाचं तोंड भिंतीकडे.
फादर रागावतात.
मावशी म्हणते, रुसवा काय परक्यावर करतात?

सण पाच दिवसांवर आला
तशी मी शालीकराम वाढयाकडे गेले.
तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कोरतो तो,
ओसरीभर उभे होते, चाकं न लावलेले.
"म्या तं बैलच केले आजपावतर, बाई.
देवाचं लेकरू कसं राह्यते, तुमी सांगा."

मी सांगायला गेले
आणि चित्रातलं ते गोरं, कुरळं बाळ
तोंडात येईचना.
म्हटलं, दीड वर्षाचं.
झोप आली की मान टाकणारं.
टाळूवर दोन भोवरे.
डाव्या पायाचा अंगठा जरा वर उचललेला.
तो ऐकत होता, पटाशीला धार लावत.
"कोनाचं हाय?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, अंतोनचं.

लुक्या बडनेऱ्याहून सुरतच्या गाडीत बसला
त्याला अकरा वर्षं झाली.
एक फोन आला होता, मागे मागाचा खडखडाट.
तीन वर्षं मी दर मंगळवारी मेण जाळलं,
मग एक दिवस बाबाला फिरवलं भिंतीकडे
आणि सरळ करायला गेलेच नाही.
कुणी केलं, कधी केलं, माहीत नाही.

शालीकरामने आणलं ते शिवणीचं लेकरू
पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून.
डोळे बैलासारखे, मोठे, काजळ घातलेले.
"पाय जरा खुरावानी झाले," तो म्हणाला.
अंगठा मात्र वर होता.
फादरनी बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला,
रंगाचं विचारलं.
मी म्हटलं, राहू द्या लाकडाचंच.

तेरा जून. मृग लागून सहा दिवस,
आभाळ तव्यासारखं.
परसात गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरलेले,
बाबाची भाकर म्हणजे आमच्याकडे रोडगा,
वांग्याची भाजी, पातळ वरण, वर तूप असलं तर.
आत लितानी चालली होती.
शालीकराम दाराशी उभा, टोपी हातात,
"आम्हांसाठी विनंती कर"
त्याच्या ओठांवर अर्धी ओळ उशिरा यायचं.

मी मेणबत्ती लावली.
मागायचं नेहमीचं तोंडात होतं,
पण नजर खांद्यावर गेली.
मूर्ती तीच, साचा तोच,
तरी ओझं आल्यावर बाबाचा खांदा
किंचित कलल्यासारखा वाटला.
तो कल मला ठाऊक आहे.
नऊ वर्षांची होते, कमरेवर लुक्या,
डोक्यावर घागर, आणि वाट चढाची.

काही मागितलं नाही.
नुसतं म्हटलं, जड आहे ना?

तेवढ्यात मावशीची हाक आली परसातून,
"कुठं गेली वं? रोडगे काढ, जळून राह्यले!"